देवळाचे झाड, कबरस्तानाचे झाड

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गावच्या कबरस्तानात साफसफाई निघाली होती. शब-ए-बरात तोंडावर आली होती. मोहल्ल्यातली तरुण मुले कोयते, कुऱ्हाडी घेऊन सकाळपासून कामाला लागली होती. मी पोहोचलो तेव्हा घाणेरीची जाळी निघाली होती, गवत पेटवून झाले होते आणि दोघे जण माझ्या दादीच्या कबरीशेजारच्या चाफ्यावर घाव घालत होते. तीन मोठ्या फांद्या खाली पडल्या होत्या.

मी ओरडलो तसे ते थांबले. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, वाळलंय हे. एक पान नाही बघा. आणि तसंही हे देवळातलं झाड. आपल्या इथं कशाला?"

झाडावर खरेच एक पान नव्हते. राखाडी, फुगीर, बोथट टोकांच्या फांद्या तेवढ्या आभाळाकडे रोखलेल्या. पण जिथे घाव बसला होता तिथून पांढरा चीक ठिबकत होता. मी त्याला तो दाखवला. "वाळलेल्या लाकडातून दूध येतं का रे?" त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. बुंधा आणि दोन फांद्या वाचल्या. पडलेल्या फांद्या आम्ही भिंतीला टेकवून ठेवल्या आणि एक हातभर तुकडा मी घरी आणला. शाळेच्या आवारात लावावा, असा विचार होता.

दोन आठवड्यांनी तो तुकडा घेऊन शाळेत गेलो. आमच्या स्टाफरूममधल्या एक ज्येष्ठ बाई फार चांगल्या स्वभावाच्या आहेत. त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, राग मानू नका. पण हे झाड तुमच्या कबरस्तानात असतं ना? शाळेत लेकरांसमोर नको. बरं दिसत नाही."

पंधरा दिवसांच्या आत एकाच झाडाविषयी मी दोन गोष्टी ऐकल्या. कबरस्तानात ते देवळाचे म्हणून नको होते, शाळेत ते कबरस्तानाचे म्हणून नको होते. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हते आणि दोघांनाही खात्री होती. मी भाषेचा शिक्षक, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण हे झाड नेमके कोणाचे, कोठले, हे एकदा नीट बघावे असे वाटले. या लेखात जे आहे ते त्या शोधातून हाती लागलेले.

चाफा, पण कोणता?

पहिली अडचण नावाचीच. मराठीत 'चाफा' हे एका झाडाचे नाव नाही, ते सुगंधाचे आडनाव आहे. सोनचाफा आणि कवठी चाफा एका कुळातले, त्यांना शास्त्रज्ञ मॅग्नोलियाचे कूळ म्हणतात. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा तर झाडच नाही, तो आले-हळदीचा भाऊबंद, जमिनीतून थेट फूल काढतो. नागचाफा उंडीच्या जवळचा. आणि ज्याला आपण पांढरा चाफा, देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतो, तो कण्हेरीच्या कुळातला. सदाफुली आणि सप्तपर्णीही त्याच घरातल्या. या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, वास. पूर्वजांनी नाकाने नाव ठेवले आणि पुढे आपण त्या नावावरून नाती जुळवत बसलो.

कबरस्तानातले आमचे झाड देवचाफा. तो ओळखणे अवघड नाही. फांदी कोठेही मोडा, पांढरा दाट चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, काहींच्या कातडीलाही आग होते. पाने वीतभर ते हातभर लांब, फांदीच्या फक्त टोकाशी झुबक्याने आलेली. पान उलटे करून उजेडात धरले तर मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा समांतर जाऊन कडेलगतच्या एका शिरेला मिळतात, जणू पानाला आतून किनार शिवली आहे. फुलाला पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीखाली सरकलेली, कळीत त्या पिळलेल्या असतात. मध्ये पिवळा रंग. पराग शोधू गेलात तर वरून दिसत नाहीत, ते नळीच्या तळाशी दडलेले असतात.

देवचाफ्यातही प्रकार आहेत. पानाचे टोक निमुळते असेल आणि हिवाळ्यात पाने पूर्ण झडत असतील तर ते प्लुमेरिया रुब्रा. पांढरा, गुलाबी, लाल, सगळे रंग त्यातच येतात. पानाचे टोक गोल, पान गडद आणि चकचकीत, झाड बहुतेक वर्षभर हिरवे, तर ते प्लुमेरिया ऑबट्यूसा. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या बागांत अलीकडे नागाच्या फण्यासारख्या पानांचा एक तिसराही दिसतो, तो प्लुमेरिया पुडिका. दादीच्या कबरीजवळचा पहिल्या प्रकारचा, निमुळत्या पानांचा. म्हणजे फेब्रुवारीत त्याने उघडे असणे हे त्याचे मरण नव्हते, तो त्याचा नेम होता.

अबुल फझलच्या पाकळ्या

माझी समजूत होती की चाफा इथला पुरातन आहे. संस्कृत साहित्यात चंपक आहे, मोगल काळच्या फारसी ग्रंथांत चंपा आहे. मग प्रश्न कसला? प्रश्न असा की तो चाफा कोणता.

अकबराच्या काळात अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त हिंदुस्थानातल्या सुगंधी फुलांची नोंद केली आहे. त्यात चंपा आहे. तो सांगतो की फूल निमुळते, बोटाएवढे असते, पाकळ्या दहा किंवा त्याहून जास्त, एकीवर एक घडी घातल्यासारख्या, आणि झाड सात वर्षांनी फुलते. जहांगीरनेही आपल्या आठवणींत चंप्याचे कौतुक केले आहे. फूल पिवळसर, झाड मोठे, भरगच्च पानांचे आणि सावलीचे, आणि एका झाडाने अख्खी बाग दरवळते, असे त्याचे म्हणणे.

आता कबरस्तानातल्या झाडाशी हे ताडून बघा. देवचाफ्याला पाकळ्या पाच, कधीही दहा नाहीत. लावलेली फांदी सात वर्षे थांबत नाही, दोन-तीन वर्षांत फुलते. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्याच्यावर पान नाही त्याला सावलीचे झाड कोण म्हणेल? अबुल फझल आणि जहांगीर ज्याच्याविषयी लिहितात तो सोनचाफा आहे. संस्कृतातला चंपकही तोच. पाचपाकळी देवचाफ्याला ते नाव नंतर मिळाले, इथे आल्यावर. नव्या वाड्यात राहायला आलेल्या भाडेकरूला लोक वाड्याच्या नावाने ओळखू लागतात, तसे.

इतिहासात अशी फसगत नेहमी होते. नाव जुने असले की वस्तूही जुनी वाटते. म्हणून ग्रंथातल्या पाकळ्या मोजाव्या लागतात.

कावळ्याचे फूल

देवचाफ्याचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या कोरड्या जंगलांत, खडकाळ उतारांवर तो आपोआप वाढतो. अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'काकालोशोचित्ल' म्हणत. 'काकालोत्ल' म्हणजे डोमकावळा, 'शोचित्ल' म्हणजे फूल. म्हणजे कावळ्याचे फूल. स्पॅनिश लोकांनी अझ्टेक राज्य १५२१ मध्ये जिंकले. त्यानंतर ३१ वर्षांनी, १५५२ मध्ये, मार्तीन दे ला क्रूस नावाच्या तिथल्याच एका वैद्याने आपल्या लोकांच्या औषधी वनस्पतींवर सचित्र ग्रंथ तयार केला आणि हुआन बादियानो या दुसऱ्या स्थानिक विद्वानाने तो लॅटिनमध्ये उतरवला. त्यात हे फूल आहे. राज्य गेले, भाषा दबली, पण वैद्याने फुलाचे नाव लिहून ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

युरोपने दिलेले शास्त्रीय नाव वेगळे. शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) हा फ्रेंच साधू वनस्पतींच्या शोधात तीनदा कॅरिबियन बेटांवर जाऊन आला. त्याच्या सन्मानार्थ या झाडाला प्लुमेरिया म्हणू लागले आणि १७५३ मध्ये कार्ल लिनियसने आपल्या ग्रंथात ते नाव पक्के केले. याच प्ल्युमिएने कॅरिबियनमधल्या दुसऱ्या एका झाडाला, पिएर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून, मॅग्नोलिया हे नाव दिले होते. आपल्या सोनचाफ्याला आज शास्त्रज्ञ मॅग्नोलिया चंपका म्हणतात. म्हणजे ज्या दोन झाडांची आपण नावात गल्लत केली, त्यांतल्या एकाचे शास्त्रीय नाव प्ल्युमिएवरून आले आणि दुसऱ्याचे प्ल्युमिएने घडवले. निव्वळ योगायोग, पण शिक्षकाला वर्गात सांगायला छान.

समुद्रावरून आलेला शब्द

मेक्सिकोतून तो आपल्याकडे कसा आला? झाड बोलत नाही, पण शब्द बोलतो. फिलिपाईन्समध्ये देवचाफ्याला 'कालाचूची' म्हणतात. हा शब्द त्या बेटांवरच्या कोणत्याही भाषेतला नाही. तो 'काकालोशोचित्ल'च आहे, वेगवेगळ्या तोंडांत झिजलेला. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरातून चांदी घेऊन मनिलाला जात आणि चिनी रेशीम, मसाले घेऊन परतत. त्या गलबतांवरून झाडाबरोबर त्याचे नावही प्रशांत महासागर ओलांडून आले. तिथून पुढे पूर्वेकडच्या बेटांवर ते पसरले. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियसने त्याचे वर्णन 'पिळलेले फूल' अशा अर्थाच्या लॅटिन नावाखाली केले आहे. कळी पाहिलेल्या माणसाला ते नाव लगेच पटेल.

दुसरी वाट पोर्तुगीजांची, अटलांटिकवरून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला. अमेरिकेतली कितीतरी झाडे-रोपे हिंदी महासागराच्या या किनाऱ्यावर त्या वाटेने उतरली. काजू, अननस, पेरू, पपई, मिरची, तंबाखू ही अमेरिकेची मंडळी आहेत. किनाऱ्यावर उतरलेली गोष्ट दख्खनमार्गे किती लवकर आत शिरे, याचा एक नमुना इतिहासात आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला होता, तो सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला परतताना तंबाखू घेऊन गेला आणि बादशहासमोर चिलीम ठेवली. जहांगीरही अननसाविषयी लिहितो की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येते, आणि आता आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी पिकते.

फुलांचेही तेच. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. लग्नाच्या मंडपात आणि मजारीवरच्या चादरीत सारखाच गुंफला जाणारा निशिगंध मेक्सिकोचा. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी, जिला आम्ही उर्दूत गुल-ए-अब्बास म्हणतो, तीही अमेरिकेतलीच. या फुलांना आज कोणी पासपोर्ट विचारत नाही. चाफ्यालाही विचारला नव्हता, त्याला विचारले गेले ते एवढेच की तू देवळाचा की कबरस्तानाचा.

प्रत्येकाला तो दुसऱ्याचा

नावांचा माग काढताना एक गंमत सापडली. उर्दूत आणि हिंदीत देवचाफ्याला 'गुलचीन' म्हणतात. लहानपणी दादीच्या तोंडी हाच शब्द होता. याचे दोन अर्थ निघतात. 'गुल-ए-चीन' म्हटले तर चीनचे फूल. आणि 'गुलचीं' म्हटले तर फुले तोडणारा, जो उर्दू शायरीत शिकाऱ्याच्या, सय्यादच्या जोडीने बागेचा वैरी म्हणून येतो. झाडाला फुले तोडणारा का म्हणावे? म्हणून मला पहिला अर्थ जवळचा वाटतो. पूर्वेकडून आले, म्हणून चीनचे.

आता इंडोनेशियात जा. तिथे त्याचे नाव 'कंबोजा', म्हणजे कंबोडियाचे. बाली बेटावर 'जेपुन', आणि मलाय भाषेत जेपुन म्हणजे जपान. आम्ही म्हणतो चीनचे, ते म्हणतात कंबोडियाचे, बालीचे लोक म्हणतात जपानचे. मेक्सिकोचे कोणीच म्हणत नाही. युरोपात तर त्याला एका इटालियन घराण्याचे नाव मिळाले. फ्रांजिपानी नावाच्या सरदाराने हातमोज्यांना लावायचे सुगंधी द्रव्य तयार केले होते, आणि फुलाचा वास त्याच्यासारखा वाटला म्हणून फूलही फ्रांजिपानी झाले, असे सांगतात.

जावात आणि मलेशियात हे झाड मुसलमानांच्या कबरस्तानात लावतात. शेजारच्या बालीत तेच हिंदू देवळांत असते, पूजेला वाहतात, बायका कानामागे खोवतात. म्हणजे आमच्या गावातला वाद तिथे दोन बेटांवर वाटून दिलेला आहे. थायलंडमध्ये त्याचे जुने नाव 'लांथोम'. ते दुःखाच्या अर्थाच्या 'रथोम' या शब्दासारखे ऐकू येते म्हणून लोक घरी लावत नसत. पुढे 'लीलावदी' असे नवे नाव रुळले आणि तेच अशुभ झाड बंगल्यांच्या दारात आले. नाव सोडून बाकी काहीच बदलले नव्हते. लाओसने तर 'दोक चंपा' म्हणून त्याला राष्ट्रीय फूल केले. आपला चंपा हा शब्द तिथेही पोहोचला आहे. आणि मूळ घराच्या बाजूला, निकाराग्वात, तेच 'साकुआनहोचे' या नावाने राष्ट्रीय फूल आहे.

बेचक्यांचा हिशोब

आता झाडाच्या वाढीकडे वळतो, कारण कबरस्तानातली कुऱ्हाड थांबली ती इतिहासामुळे नाही, चिकामुळे.

आंबा किंवा चिंच वाढते तेव्हा शेंडा पुढे सरकत राहतो आणि बाजूने फांद्या फुटतात. देवचाफ्याचे तसे नाही. त्याची फांदी सरळ वाढते आणि टोकाला फुलांचा तुरा काढते. तुरा आला की त्या शेंड्याचे काम संपले. तो पुढे वाढत नाही. मग तुऱ्याच्या खालून दोन किंवा तीन नवे कोंब निघतात आणि तिथे बेचके तयार होते. ती नवी फांदी पुन्हा वाढते, फुलते, थांबते, फुटते. झाडाची छत्रीसारखी गोल, वेलबुट्टीसारखी बेचक्याबेचक्यांची आकृती याच हिशोबाने होते. फ्रान्सिस हाले आणि ओल्डमन या अभ्यासकांनी १९७० मध्ये उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या वाढीचे ठरावीक नमुने मांडले. त्यांतल्या एका नमुन्याला लेवेनबर्ग या डच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आहे, आणि देवचाफा त्याचे ठळक उदाहरण.

याचा उपयोग असा की झाड वाचता येते. फांदी छाटलेली किंवा मोडलेली नसेल तर प्रत्येक बेचके म्हणजे एक झालेला बहर. वय नेमके कळत नाही, कारण दरवर्षी प्रत्येक फांदी फुलतेच असे नाही. पण निदान किती वेळा फुलली ते बोटावर मोजता येते. तोडलेल्या फांद्यांतली सर्वांत लांब फांदी मी मोजली. टोकापासून घावापर्यंत अकरा बेचकी निघाली.

फांद्या फुगीर असतात कारण त्या पाणी साठवतात. मूळ घरी कोरडा ऋतू मोठा, म्हणून पावसाळा संपला, गारवा आला की झाड पाने टाकून देते आणि आतल्या साठ्यावर बसून राहते. पान गळाले तिथे अर्धचंद्रासारखा वण राहतो, फांदीभर असे वण दिसतात. उन्हाळ्यात पुष्कळदा पानांच्या आधीच फुले येतात. झाड मेले की जिवंत, हे ओळखायला कुऱ्हाड लागत नाही. नखाने साल खरवडा. खाली हिरवे आणि ओले असेल, फांदी दाबून घट्ट लागत असेल, तर ते जिवंत आहे. फांदी मऊ, सुरकुतलेली, आतून काळपट असेल तर गेलेली.

आता या झाडाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्याच्या फुलात मध नसतो. रात्री वास पसरवून ते मोठ्या पतंगांना बोलावते आणि रिकाम्या हाती परत पाठवते. कोस्टा रिकातल्या झाडांवरचा १९८४ चा अभ्यास याला सरळ फसवणूक म्हणतो. पतंग मध शोधत एका फुलातून दुसऱ्यात जातो आणि नकळत पराग वाहतो. आपल्याकडे मात्र फळ क्वचितच धरते. शिंगांच्या जोडीसारख्या त्याच्या शेंगा किती जणांनी पाहिल्या आहेत? बी नाही, मग इतकी झाडे आली कोठून? फांद्यांपासून. तोडलेली फांदी आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवायची, जखम सुकली की जमिनीत खोवायची, पाणी बेताचे द्यायचे. मूळ धरते. म्हणजे पक्ष्याने बी टाकले, वाऱ्याने नेले, असे इथे जवळजवळ होत नाही. आपल्या गावांतला बहुतेक प्रत्येक देवचाफा कोणीतरी हाताने लावलेला आहे, आणि ती फांदी आधीच्या झाडाचाच तुकडा आहे. मागे मागे जात राहिलो तर ही साखळी गलबतापर्यंत आणि गलबतापलीकडे मेक्सिकोतल्या कोणा अनाम हातापर्यंत जाते.

कबरीवर का?

मग हे झाड कबरस्तानातही का आणि देवळातही का? काही कारणे साधी आहेत. दोन्ही ठिकाणी रोज पाणी घालणारा माणूस नसतो, आणि या झाडाला तो लागत नाही. चिकामुळे जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. वड-पिंपळासारखी त्याची मुळे बांधकाम फोडत नाहीत, झाडही फार उंच होत नाही. फुले आपण होऊन खाली पडतात, तोडावी लागत नाहीत. उपटलेल्या झाडालाही फूल येते म्हणून ते अमरत्वाची खूण मानले गेले, असेही सांगतात.

कबरस्तानापुरते आणखी एक कारण आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबर साहेब दोन कबरींजवळून जाताना थांबले, खजुराची एक ओली फांदी घेऊन तिचे दोन भाग केले आणि दोन्ही कबरींवर एक-एक रोवला. त्या ओल्या असेपर्यंत कदाचित त्यांचा अजाब हलका होईल, असे त्यांनी सांगितले. हा आम नियम की त्या वेळेपुरती गोष्ट, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण आमच्या भागात दफन झाल्यावर हिरवी फांदी खोचतात, सब्जा पेरतात, ते या आठवणीतून. आता विचार करा. बाकीच्या झाडांची फांदी चार दिवसांत वाळते. चाफ्याची वाळत नाही, ती मूळ धरते. ज्याला आपल्या माणसाच्या कबरीवरची फांदी ओली राहावी असे वाटते, त्याच्यासाठी याहून योग्य लाकूड कोठले?

अम्मीला विचारले तेव्हा कळले की दादीच्या कबरीवरची फांदी अब्बांनीच आणून रोवली होती. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, मला आठवत नाही. अब्बा कचेरीत शिपाई होते. कचेरीच्या आवारातला जुना चाफा रस्त्यासाठी पाडला, तेव्हा त्यांनी त्यातला एक तुकडा गोणपाटात गुंडाळून सायकलीला बांधून आणला. घरात लावायला दादीने नकार दिला होता, चीक लेकरांच्या डोळ्यात जाईल म्हणून. तो तुकडा परसात भिंतीला तसाच उभा होता. महिन्याभराने दादी गेली. अम्मी म्हणाली, "तेव्हा घरात हिरवं दुसरं काही नव्हतं रे."

म्हणजे आमच्या कबरस्तानातला हा चाफा ना देवळातून आला, ना कोणा धार्मिक विचाराने आला. तो कचेरीतून आला, सायकलीवरून. कचेरीत कोठून आला होता, ते सांगणारे आता कोणी नाही.

सध्या

शाळेत मी बाईंना हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले की नाही, ते मी विचारले नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी मागच्या बाजूची, नळाजवळची जागा दिली. तिथे लावलेली फांदी महिन्याभरात कुजली. चूक माझी. नळाशी हात धुणारी मुले रोज त्यावर पाणी ओतत होती आणि मी सांगायला विसरलो होतो. मग कबरस्तानात भिंतीला टेकवलेल्या फांद्यांतली दुसरी आणली, कुंपणाजवळच्या उंच, मुरमाड जागी लावली. बाईच एक दिवस म्हणाल्या, "सर, तुमच्या चाफ्याला पान फुटलंय, बघितलं का?"

कबरस्तानातल्या बुंध्याला जूनमध्ये घावाखालून चार कोंब आले. भिंतीला टेकवलेल्या, कोणी न लावलेल्या एका फांदीनेही पालवी काढली. कुऱ्हाड चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने ती उचलून आपल्या नानाच्या कबरीशेजारी लावली आहे. लावण्याआधी त्याने मला फोन करून विचारले, पाणी किती घालायचे.